दुकानातले पहिले एस्कलेटर: तुम्ही कधी, कुठे आणि कुणाचा हात धरून चढलात?

ताडदेवचा बंड्या
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेत यंदा "आपला एरिया, तेव्हा आणि आता" असा विषय आहे आणि माझ्या वाट्याला मॉल आलेत. ताडदेव-हाजीअली म्हटलं की क्रॉसरोड्स आलंच, १९९९ ला उघडलं, त्याआधी तिथे औषधाच्या कंपनीचा कारखाना होता, पुढे त्याचं नावही बदललं वगैरे. तो इतिहास मी लिहीन, मला तुमच्याकडून एस्कलेटरच्या आठवणी हव्यात. कारण त्या काळात आमच्याकडे गावाहून कोणीही आलं की राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, महालक्ष्मी, हाजीअली आणि शेवटी "चला आता सरकता जिना दाखवतो" हा कार्यक्रम ठरलेलाच असायचा. खरेदी कोण करतंय, तिथल्या एका शर्टाच्या किमतीत आमच्या घरातल्या सगळ्यांचे दिवाळीचे कपडे व्हायचे. जिना मात्र फुकट होता. रत्नागिरीचे आमचे आप्पाकाका तर चपला काढून हातात घेऊन चढले, का तर म्हणे "पायाला नीट कळलं पाहिजे खाली काय चाललंय ते".

तर सांगा, कोण घाबरलं, काय युक्ती केली, आणि खाली कसे आलात, कारण मला आठवतंय लोक चढायला कमी आणि उतरायला जास्त टरकायचे. असं का ते कुणाला माहीत असेल तर तेही सांगा. शहर कुठलंही चालेल. फक्त "पहिला एस्कलेटर कुठला" यावरून जुंपू नका, लिफ्टच्या धाग्यावर काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

मुलुंडची मंजू
वा, मस्त धागा! आमच्याकडे सासूबाई आणि त्यांची मोठी जाऊ अशा दोघींना घेऊन गेलो होतो, माझ्या मुलाच्या मुंजीची खरेदी होती. सासूबाई सहावारीवाल्या, शिकलेल्या, शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि मोठ्या सासूबाई नऊवारीतल्या, सगळं आयुष्य जुन्नरजवळच्या खेड्यात गेलेलं. आम्हाला वाटलं मोठ्या घाबरतील. झालं उलटंच. मोठ्या सासूबाईंनी दोन मिनिटं बाजूला उभं राहून लोकांचे पाय बघितले, पदर खोचला, काष्टा होताच, आणि ठेवला पाय. वर पोचून मागे वळून बघतात तर सासूबाई खालीच. एका हातात निऱ्या, एका हातात पर्स, आता पट्टा धरायला तिसरा हात आणायचा कुठून? मागे लोक थांबलेले, कॉलेजच्या मुली खिदळतायत. शेवटी त्या गार्डला म्हणाल्या, "हे जरा बंद करा, मी चढते, मग चालू करा." आणि त्याने खरंच विचारलं हो कुणाला तरी वॉकीटॉकीवर!

मग मी पर्स घेतली नि त्या चढल्या. घरी आल्यावर मोठ्या सासूबाईंचं एकच चालू, "मास्तरीणबाई जिन्याला भ्याल्या." पुढे प्रत्येक लग्नात हा विषय निघायचा.

पेठेतला
आम्ही पुणेकर घाबरलो वगैरे नाही. आमच्या आत्याने आधी खालची सूचनांची पाटी पूर्ण वाचली, मोठ्याने, मागे रांग लागली तरी. "मुलांचा हात धरावा, सैल कपडे सांभाळावेत, सामान पायरीवर ठेवू नये", मग गार्डला विचारलं की एवढ्या अटी असतील तर साधा जिना कुठे आहे. साध्या जिन्यानेच गेली. तिच्या मते जो जिना चढायला सूचना लागतात तो जिना नव्हेच.

किल्लीवाला
बंड्याशेठ तुमच्या उतरण्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण माझं पोटच यावर चाललंय, एस्कलेटरच्या मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलं, आधी मुंबई, मग ठाणे-नाशिक पट्टा. चढताना तुमच्या डोळ्यासमोर पायऱ्या असतात, पडलो तर पुढच्या पायरीवर हात टेकेल असं शरीराला वाटतं. उतरताना समोर काहीच नसतं, ३० अंशाचा उतार आणि खाली एक आख्खा मजला. त्यात सुरुवातीला पायऱ्या सपाट निघतात आणि मग एकदम एकेक पायरी खाली जायला लागते. नवख्या माणसाचा पाय बरोबर दोन पायऱ्यांच्या सांध्यावर पडलेला असतो, त्यामुळे टाच वर राहते आणि बोटं खाली जातात. त्या पिवळ्या रेषा त्यासाठीच असतात, रेषेच्या आत पाय ठेवा. स्टेशनावरच्या मोठ्या मशीनला सपाट पायऱ्या जास्त मिळतात, दुकानातल्या छोट्या मशीनला कमी, म्हणजे विचार करायला वेळच नाही.

आतलं काम तसं साधं आहे. पायऱ्या दोन साखळ्यांवर जोडलेल्या, वरच्या टोकाला मोटर, पायऱ्या वर जातात, उलट्या होऊन पोटातून खाली येतात, रहाटगाडगंच म्हणा. स्पीड सेकंदाला साधारण अर्धा मीटर. मीटरभर रुंदीचं मशीन तासाला ६००० माणूस नेतं, कुठल्याही लिफ्टला ते जमणार नाही, म्हणून तर दुकानवाल्यांना हे हवं असतं. हाताचा पट्टा वेगळा फिरतो आणि तो पायरीपेक्षा कणभर पुढे गेला तर चालतो पण मागे पडलेला चालत नाही, नाहीतर माणूस मागे ओढला जातो.

आता मंजूताईंच्या साडीचं. साडी दोन ठिकाणी जाते. एक म्हणजे पायरी आणि बाजूच्या पत्र्याची फट, ती एका बाजूला ४ मिलिमीटरच्या वर असूच नये पण काठाला तेवढी पुरते. दुसरं म्हणजे शेवटी जिथे पायरी त्या दातेरी कंगव्याखाली जाते तिथे. कंगव्यात काही अडकलं की खालचा स्विच मशीन बंद करतो, पण तोपर्यंत काठ गेलेला असतो. परदेशी मशीन आपल्याकडे आली तेव्हा साडीचा विचार कोणी केलेला नव्हता, दिल्ली मेट्रोने पुढे खास साडीसाठी म्हणून बाजूला गार्ड बसवून घेतले. त्यामुळे तुमच्या मोठ्या सासूबाई अगदी बरोबर होत्या. नऊवारी ही एस्कलेटरला सगळ्यात सेफ साडी आहे, खाली लोंबणारं काही नसतंच. सगळ्यात वाईट काय तर मऊ रबराची ती भोकंवाली पादत्राणं, लहान मुलांची. ती कडेला घासली की चिकटून आत ओढली जातात.

आणि हो, "बंद करा, मी चढते, मग चालू करा" हे कधी करायचं नाही. माणूस वर असताना मशीन सुरू करायचंच नसतं.

गल्ल्यावरचा
मी तेव्हा एका मोठ्या कपड्याच्या दुकानात सेल्समन होतो, नाव घेत नाही, मुंबईतच. साड्या आणि ड्रेस मटेरियल दुसऱ्या मजल्यावर. एस्कलेटर बसवला तेव्हा मालकांची आयडिया अशी की वर जाणारा दाराजवळ आणि खाली येणारा पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे गिऱ्हाईक उतरायला निघालं तरी त्याला आख्खा मजला फिरून जावं लागणार, वाटेत चार वस्तू दिसणार. ही गोष्ट आजही सगळे मॉल करतात, तुम्ही बघा, एका मजल्यावरून लगेच पुढचा जिना सरळ मिळतच नाही बऱ्याच ठिकाणी. पण आमच्याकडे झालं काय की रविवारी दुपारी फॅमिलीच्या फॅमिली यायच्या, वर जायच्या, मजला ओलांडायच्या, खाली यायच्या, दारातून परत वर. पोरांना तर घरी न्यायचं म्हणजे रडारड. एसी फुकट, जिना फुकट. बिलं मात्र होती तेवढीच. साहेब लोक वैतागले. मग गार्डला सांगितलं की कोण खरेदीवाला दिसतोय आणि कोण नुसता जिनेवाला, बघून सोड.

इथे मला जरा बोलायचंय. क्रॉसरोड्सचं त्या वेळी पेपरात गाजलंच होतं, मोबाइल दाखवा किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरा आणि आत या, पुढे ती अट काढली. १९९९-२००० साली मोबाइल किती जणांकडे होता हो? इनकमिंगलाही पैसे पडायचे. आमच्याकडे अशी पाटी नव्हती पण गार्डची नजर तेच काम करायची, आणि त्याचा हिशोब काय तर जो एस्कलेटरपाशी अडखळला तो आपला गिऱ्हाईक नाही. हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही नाही. कारण जे खरं मोठं बिल करायचे ना, लग्नाचा बस्ता बांधायला आलेले, विरार-पालघरकडचे, कर्जतचे, खोपोलीचे, घरातली म्हातारी माणसं घेऊन दहा-बारा जण, ते सगळे नेमके त्या पहिल्या पायरीशी थांबायचे. आजी म्हणायची मी नाही येत बाबा, तुम्ही जा. आणि आजी गेल्याशिवाय बस्ता बांधतं का कोणी? पसंती तिचीच. मग मी खाली जाऊन त्यांना मागच्या जिन्याने आणायचो, गोडाऊनच्या बाजूने, जिथून आम्ही गठ्ठे चढवायचो. साहेब ओरडायचे की गिऱ्हाईकाला गोडाऊन दाखवतो. अरे पण तीच आजी वर येऊन गादीवर मांडी घालून बसायची आणि शालू, मानाच्या साड्या, शेले सगळं एका बैठकीत. जीन्समधलं जोडपं झुम्मकन वर यायचं, फिरायचं, चहा प्यायचं आणि झुम्मकन खाली.

नंतर मी आणि एका गार्डने मिळून पद्धत बसवली. आजीला आधी पट्ट्यावर हात ठेवायला लावायचा नाही, आधी पाय. मी पुढे उलटा उभा, तोंड आजीकडे, मुलगा किंवा नातू मागे. "पायाकडे बघू नका आजी, माझ्याकडे बघा, गाव कुठलं तुमचं?" गावाचं नाव सांगेपर्यंत वर पोचलेली असायची.

ताडदेवचा बंड्या
गल्ल्यावरचे काका, हे मी जसंच्या तसं छापणार, परवानगी द्या. तुमचं नाव घालायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गल्ल्यावरचा
छापा की. नाव नको.

गंगापूर रोडवाली
आमच्या नाशिककडे हे प्रकरण जरा उशिराच आलं आणि आलं तेही लोडशेडिंगच्या दिवसांत, २००५ नंतरची ती वर्षं आठवा, रोजचे तासन्‌तास गेलेले असायचे. त्यामुळे माझी एस्कलेटरची आठवण म्हणजे बंद पडलेला एस्कलेटर. अर्ध्यात गेला की थांबायचा, कच्चकन, सगळे एकमेकांच्या अंगावर, मग जनरेटरची घरघर सुरू, दिवे यायचे, एसी यायचा, पण जिना काही सुरू व्हायचा नाही. माझे वडील म्हणायचे थांबा, येईल चालू, आणि आम्ही येड्यासारखे मधल्या पायरीवर उभे. मग एक मुलगा कुठूनतरी किल्ली घेऊन धावत यायचा आणि म्हणायचा उतरा उतरा, खाली उतरा आधी. तेव्हा वाटायचं काय उद्धट आहे, आज किल्लीवाला यांचं वाचून कळलं बिचारा बरोबर होता.

अजून एक, बंद एस्कलेटरवर चढताना पाय असा लचकतो, तोल जातो, हे फक्त मलाच होतं का?

किल्लीवाला
ताई तो मुलगा मीच नव्हतो ना बघा :) नाही, सगळ्यांना होतं. लाइट आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही, मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. वर-खाली कोणी नाही बघायचं आणि मग किल्ली फिरवायची. आणि तो पाय लचकणं, त्यावर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या लोकांनी २००३ मध्ये प्रयोग करून पेपर लिहिलाय. डोळ्याला माहीत असतं जिना बंद आहे पण पाय आधीच्या सवयीने अंग पुढे झुकवून ठेवतात. शिवाय बंद एस्कलेटरच्या पायऱ्या घरच्या जिन्यापेक्षा उंच असतात आणि पहिल्या-शेवटच्या लहान लहान, त्यामुळे दमही लागतो.

टेम्सकाठचा सातारकर
लंडनचा विषय निघालाच आहे तर सांगतो. इथल्या हॅरॉड्स या मोठ्या दुकानात १८९८ साली सरकता जिना बसवला तेव्हा त्याला पायऱ्याच नव्हत्या, चामड्याचा पट्टा होता, उतारावर नुसतं उभं राहायचं, आणि वर पोचलेल्या गिऱ्हाईकांना धीर यावा म्हणून माणसं ब्रँडी घेऊन उभी असायची. तेव्हा आप्पाकाकांनी वाईट वाटून घेऊ नये, साहेबही टरकलाच होता.

इथल्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, जुने एस्कलेटर लाकडी होते. १९८७ च्या नोव्हेंबरात किंग्ज क्रॉस स्टेशनात एस्कलेटरखाली साठलेल्या ग्रीस आणि कचऱ्यावर पेटती काडी पडून आग लागली, ३१ माणसं गेली, त्यानंतर ते लाकडी काढत गेले. आई-बाबा आले होते तेव्हा आई मात्र इथे अजिबात घाबरली नाही, तिला राग कशाचा आला तर सगळे उजवीकडे उभे राहतात आणि डावीकडून लोक पळत जातात त्याचा. "सरकता आहे ना, मग पळताय कशाला?"

पेठेतला
हॅरॉड्सवाल्यांनी ब्रँडी दिली, आमच्याकडे एका ठिकाणी पार्किंगचे पैसेही परत मिळाले नाहीत.

मुलुंडची मंजू
किल्लीवाला, एक विचारायचं राहिलं. ते पायरीच्या दोन्ही कडांना काळे ब्रश लावलेले असतात ते कशाला? आमचे हे गेली वीस वर्षं त्यावर बूट पुसतायत.

किल्लीवाला
पाय कडेपासून लांब राहावा म्हणून. ब्रश लागला की माणूस आपोआप पाय आत घेतो, असा हिशोब होता. आता सगळे मुद्दाम पाय तिकडे नेतात. त्यांना म्हणावं पॉलिश घरी करा, लेस आत गेली की मला फोन येतो.