शब्दचर्चा : चिठ्ठीतल्या ‘रिंगा बसल्या’चा अर्थ काय लावायचा?

कळवेकर :
बाबांची जुनी शंभर सीसीची गाडी ऑइल खायला लागली म्हणून इथल्याच एका गॅरेजात खोलायला दिली. हेड आणि ब्लॉक (ज्यात सिलिंडर असतो तो भाग) उतरवलाय. मिस्त्री लग्नाला गावी गेलाय, फोनला रेंज नाही. पोऱ्याने त्याची चिठ्ठी दिली : ‘वाल घासायचे, सील बदली, रिंगा बसल्या, विचारून करणे.’ वाल म्हणजे व्हॉल्व्ह, सील म्हणजे त्यांची ऑइल अडवणारी, रिंगा म्हणजे सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या पिस्टनभोवतीच्या कड्या, एवढं कळलं. बाबा म्हणतात, बसल्या म्हणजे छान बसल्या, उगाच खर्च नको. मावसभाऊ म्हणतो, बसल्या म्हणजे मेल्या, नव्या टाका. सोमवारी सामान सांगायचंय. जाणकारांनी शब्द सोडवावा.

घणसोलीकर :
दोघेही मराठी बरोबरच बोलतायत. घडी बसते, जम बसतो, हात बसतो, तेव्हा सगळं मार्गी लागलेलं असतं. आवाज बसतो, धंदा बसतो, दातखीळ बसते, तेव्हा बोंब. इंजिनाबद्दल तर वाईट अर्थच जास्त ऐकू येतो. ‘इंजिन बसलं’ ही आनंदाची बातमी मी अजून कुणाकडून ऐकलेली नाही. शिवाय तिसरी शक्यता : त्याला ‘बसवल्या’ लिहायचं असेल आणि ‘व’ खाल्ला असेल.

कळवेकर :
तिसरी नाही. ब्लॉक अजून बाकड्यावर उघडाच पडलाय आणि पुढे ‘विचारून करणे’ आहे.

रबाळ्याचा लेथवाला :
गॅरेजात दोन्ही अर्थ चालतात. कुठे बसल्या ते विचारायचं. बोअर म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी. ‘बोअरला बसल्या’ म्हणजे रिंग आणि सिलिंडरची भिंत घासून घासून एकमेकींना जुळल्या. नव्या रिंगा टाकल्यावर सुरुवातीला गाडी सांभाळून चालवायला सांगतो, ती त्याचसाठी. ‘खाचेत बसल्या’ म्हणजे जळक्या ऑइलचा कार्बन पिस्टनच्या खाचेत साचला आणि रिंग तिथेच चिकटली. ती मग भिंतीला दाब देत नाही. वरून गॅस खाली पळतो, खालून ऑइल वर चढतं.

चिठ्ठी राहू द्या, पिस्टन हातात घ्या. रिंग कडेने थोडी बाहेर डोकावते का बघा आणि बोटाने दाबा. आत जाऊन परत बाहेर आली तर जिवंत आहे. दाबली तरी हलत नसेल, पिस्टनच्या अंगासरशी झाली असेल, तर मावसभाऊ बरोबर.

जिवंत निघाली म्हणून लगेच बाबांना गुण देऊ नका. रिंग अलगद काढून ब्लॉकमध्ये घालायची, पिस्टनच्याच डोक्याने थोडी खाली ढकलून सरळ करायची आणि दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज (मापाच्या पातळ पट्ट्या) सरकवायचा. एवढ्याशा इंजिनात नव्या रिंगेची फट साधारण ०.१ ते ०.३ मिमी असते. किती झाली की बाद, हे त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघायचं. फट लिमिटच्या आत असेल, ब्लॉकला हात लावणार नसाल आणि रिंग त्याच खाचेत परत जाणार असेल, तर जुनी ठेवायला माझी हरकत नाही.

घोडबंदरकर :
‘बसल्या’पेक्षा ‘रिंगा गेल्या’ हा शब्दप्रयोग जास्त महाग पडतो. सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की काही मिस्त्री इंजिन न खोलताच निकाल देतात. घोडबंदर रोडवरच्या गायमुखचा उतार थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) बंद ठेवून उतरलात आणि खाली पीळ दिल्यावर भपकन धूर येऊन थांबला, तर संशय आधी वालच्या सीलवर घ्यावा. चढावर जोर पडताना सतत येत असेल तर रिंगा नाहीतर बोअर. सीलचा धूर रिंगांच्या नावावर फाडणारे मिस्त्री आहेत. तुमच्या माणसाने सील वेगळी लिहिली, म्हणजे प्रामाणिक वाटतो.

बेलापूरवासी :
रिंगा की रिंग्ज? आणि पिस्टनला मराठीत ‘दट्ट्या’ हा चांगला शब्द असताना…

घणसोलीकर :
रिंगा. वीट-विटा तशी रिंग-रिंगा. दट्ट्या घेऊन काउंटरवर जाऊन बघा, काय देतात ते.

कळवेकर :
गॅरेजात जाऊन आलो. वरची रिंग बोटाने हलते, दुसरी अजिबात हलत नाही, काळ्या लुकणात रुतल्यासारखी आहे. खाली ऑइलची रिंग आहे तिच्या फटीही कार्बनने भरल्यात. पोऱ्या म्हणतो डिझेलमध्ये भिजवून सोडवतो. सोडवून तीच टाकू का?

रबाळ्याचा लेथवाला :
खाचेत बसल्या, मिटला वाद. सोडवायला हरकत नाही, पण या रिंगा ठिसूळ असतात, ओढताना मोडतात. ब्लॉकपर्यंत खोलण्याची मजुरी तुम्ही भरलीच आहे, त्यापुढे रिंगसेट स्वस्त. नवाच घ्या.

पण आधी बोअर मोजा. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बोअरचं काम करणारे सापडतील. वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं माप घ्यायला सांगा. पिस्टन ज्या बाजूंना रेटतो तिकडे भिंत जास्त झिजते आणि बोअर लंबगोल होतो. त्यात गोल रिंग टाकून पैसे वाया जातात, महिन्याभरात धूर परत. मापात असेल तर होनिंग करून घ्या, म्हणजे घासणीच्या दगडाने भिंत आतून हलकी खरवडायची. भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उठली पाहिजे, गुळगुळीत चकाकणाऱ्या भिंतीला नवी रिंग लवकर जुळत नाही. मापाबाहेर असेल तर बोअर पॉइंट पंचवीस किंवा पॉइंट पन्नास मिमीने मोठा करायचा, सोबत त्याच मापाचा पिस्टन आणि त्याच मापाच्या रिंगा. कुठलं ओव्हरसाइज (वाढीव माप) मिळतं ते आधी दुकानात विचारा, मग बोअर मारा. उलटं केलं तर ब्लॉक फुकट जातो. काही नव्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून कडक थर दिलेला असतो, त्यांना हे लागू नाही. तुमच्या जुन्या गाडीच्या सिलिंडरला आतून लोखंडी बाही (नळी) असणार.

होनिंगनंतर ब्लॉक साबणाच्या पाण्याने धुवा, नुसत्या पेट्रोलने बारीक पूड निघत नाही. कोरडा झाला की लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर गंज धरतो. रिंगेवरची खूण वरच्या बाजूला ठेवा आणि तिन्ही फटी एका रेषेत येऊ देऊ नका.