मदत हवी आहे: ‘मशी’ आणि ‘सॉपी’ला मराठी शब्द (आज रात्रीपर्यंत)

रातकिडी, दु. ३.१०
मशी, सॉपी, स्लॉपी, गूई. या चार इंग्रजी शब्दांना मराठी शब्द हवेत, चपखल. ‘भावनाप्रधान’ कृपया सुचवू नका, तो मी तीनदा लिहून तीनदा खोडलाय. आज रात्री काम द्यायचंय.

खारीबुडव्या, दु. ३.१८
ओल्या शब्दांची मराठीला कधी ददात पडलेली नाही हो. लिबलिबीत, पचपचीत, गिळगिळीत, बुळबुळीत, रबरबीत, थबथबीत. पण पदार्थ कोणता ते सांगा. चिरून धुतलेली भेंडी बुळबुळीत. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधीच घातलं तर तासाभराने होते ती पचपचीत. उतरलेला टोमॅटो अंगठ्याने दाबल्यावर साल एकीकडे आणि गर दुसरीकडे जातो, तो लिबलिबीत. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

रातकिडी, दु. ३.२५
पदार्थ नाहीये, माणूस आहे. म्हणजे पदार्थही आहे.

शुद्धमती, दु. ३.३१
माणूस असेल तर भावविवश, भावविह्वल, सद्गदित. इतके सुंदर शब्द असताना धागा काढावा लागतो याचंच वाईट वाटतं.

बाकावरचा, दु. ३.४०
ताई, ‘सद्गदित’ निरोप समारंभात होतात. मशी म्हणताना नाक मुरडलेलं असतं. गुळमट, गुळचट, मुळमुळीत यातलं काहीतरी घ्या.

शुद्धमती, दु. ३.४४
मुळमुळीत म्हणजे ज्याच्या बोलण्यात ठामपणा नाही तो. रडव्या माणसाला म्हणत नाहीत.

बाकावरचा, दु. ३.४५
आमच्या साताऱ्यात म्हणतात.

अनामिका, दु. ३.५२
मोल्सवर्थ बघा. सगळं आहे त्यात.

शब्दवेडा_ठाणे, दु. ४.०५
मोल्सवर्थचा १८३१चा कोश मराठीतून इंग्रजीत जातो, ताईंना उलट दिशेने यायचंय. त्यासाठी मोल्सवर्थ-कँडीचा १८४७चा इंग्रजी-मराठी कोश आहे, पण आजच्या बोलीतली टिंगल त्यात कुठून सापडणार?
बाकी अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची कुळं बघण्यासारखी आहेत. ‘सॉप’ म्हणजे पातळ पदार्थात बुडवलेला पावाचा तुकडा, ‘सूप’ त्याचाच नातेवाईक. ‘सॅपी’ झाडाच्या रसावरून. ‘श्माल्ट्झी’तलं श्माल्ट्झ हे यिडिश, ज्यू स्वयंपाकातली कोंबडीची वितळवलेली चरबी. ‘मॉकिश’मध्ये तर चक्क अळी आहे: आधी अर्थ मळमळणारा, मग बेचव, मग रडवेला. ‘मॉडलिन’ ही बायबलमधली मेरी मॅग्डलीन, चित्रांत तिला रडताना दाखवायचे म्हणून. आणि ‘सॅकरीन’ लॅटिन-ग्रीकमार्गे थेट आपल्या शर्करेपर्यंत पोचतो. म्हणजे साखर आपलीच, गोग्गोडपणा परत आयात केलेला.

रातकिडी, दु. ४.११
दादा, छान आहे, पण यातलं एकही मी विचारलेलं नाही.

लीड्सकर, दु. ४.३०
मजकूर ब्रिटिश आहे की अमेरिकन? सॉपी इकडचा, ब्रिटनमधला शब्द, तिकडे अमेरिकेत सॅपी म्हणतील. ‘मश’सुद्धा तिकडे मक्याच्या पिठाची पेज. इकडे मशी म्हटलं की पहिल्यांदा मशी पीजच आठवतात. मॅरोफॅट जातीचे वाळलेले वाटाणे रात्रभर खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजवायचे आणि दाण्याचा आकार मोडेपर्यंत शिजवायचे. फिश अँड चिप्सच्या शेजारी तो हिरवा ढीग येतो. चमचा उभा राहतो त्यात.

रातकिडी, दु. ४.३८
तेच!! वाटाणेच आहेत! सबटायटल आहे. उत्तर इंग्लंडमधलं घर, जेवणाचं टेबल, ताटात मशी पीज. बाप स्वतःचं जुनं पत्र वाचता वाचता डोळे पुसतो. मुलगी आधी ताटाकडे बघते, मग त्याच्याकडे, आणि म्हणते की बाबा वाटाण्यांपेक्षा मशी झालेत. त्यावर आई त्याला लाडाने सॉपी म्हणते. ओळीला ४२ अक्षरं, जास्त नाही.

खारीबुडव्या, दु. ४.४०
हे सव्वातीनला सांगायला काय झालं होतं?

रातकिडी, दु. ४.४१
मला वाटलं शब्द मिळाला की झालं.

बाकावरचा, दु. ४.५०
मग विशेषण सोडा, क्रियापद धरा. ‘बाबा पाघळले.’ लोणी पाघळतं, माणूसही पाघळतो.

शुद्धमती, दु. ४.५५
पाघळले म्हटलं तर दारात शेजारीण आलीय असं वाटेल.

बाकावरचा, दु. ४.५६
हे मात्र खरंय.

लीड्सकर, संध्या. ५.०२
‘वाटाण्यांआधी बाबाच विरघळले.’

खारीबुडव्या, संध्या. ५.०३
+१. कप फुटला.

शुद्धमती, संध्या. ५.१०
साखर विरघळते. वाटाणे गळतात.

लीड्सकर, संध्या. ५.१४
ताई, सोडा जास्त पडला तर विरघळतात. दोन पातेली घासलीत मी. ‘बाबाच गळाले’ केलं तर त्यांना सलाईन लावायची वेळ आलीय असं वाटेल.

अनामिका, संध्या. ५.२०
पण मुळात मराठी प्रेक्षक इंग्रजी मालिका सबटायटल लावून का बघतो? डबिंगच करावं.

खारीबुडव्या, संध्या. ५.२२
वेगळा धागा काढा.

शुद्धमती, संध्या. ५.३५
आईच्या तोंडी ‘रडूबाई कुठले!’ घाला. पुरुषाला रडूबाई म्हटलं की चिडवणंही आलं आणि ‘कुठले’मध्ये लाडही आला. ‘कुठला’ नको, नवरा आहे तो.

बाकावरचा, संध्या. ५.३६
शुद्धमतीताई, हे तुमच्याकडून? मानलं.

रातकिडी, रात्री ८.४७
दोन्ही टाकले, फाइल पाठवली. स्लॉपी म्हणजे त्यांच्या कुत्र्याचा लाळेने भरलेला मुका आहे, तिथे ‘चपचपीत’ केलं. गूई पुढच्या भागात येतं, केक कापल्यावर आतून वाहतं ते चॉकलेट. ते उद्या विचारते. सगळं सांगून विचारेन.

खारीबुडव्या, रात्री ८.५९
लीड्सकर, उसळीचे वाळलेले हिरवे वाटाणे आहेत घरात. चालतील का? आणि वाटीभराला सोडा किती?