मदत हवी आहे: 'बनगरवाडी'ची जुनी प्रत कुठे बांधून घ्यावी?

बाबा दर उन्हाळ्यात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' काढून बसतात. कादंबरी १९५५ची, आमची प्रत बरीच नंतरची, पण तीही आता खिळखिळी झाली आहे. पुठ्ठा निखळलाय, सुरुवातीची पानं सुटलीयत. शेवटची, दुष्काळात गाव रिकामं होत जातं ती पानं तर इतकी हाताळली गेलीयत की कोपरा दुमडला तरी तुकडा पडतो.

नवी प्रत आणून दिली, ती तशीच कपाटात आहे. जुन्या प्रतीच्या समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, कारभाऱ्याच्या बोलण्याशेजारी सगळ्यात जास्त. बाबांनीही एकशिक्षकी शाळेवर नोकरी केली, त्यामुळे त्यातल्या तरुण मास्तरावर त्यांचा फार जीव.

आमच्याकडचा बाइंडर कडेनं टोचे मारून शिवू म्हणतो. तसं केलं तर आतला समास शिवणीत जाईल, आणि बऱ्याच खुणा नेमक्या तिथेच आहेत. वर मशीनवर कडा कापणार, ते वेगळंच. सेलोटेप नकोच, तिचा गोंद पिवळा पडून कागदावर कायमचे डाग पडतात.

पुण्यात किंवा साताऱ्याकडे जुनी पुस्तकं जपून बांधून देणारं कुणी आहे का? फाटक्या पानांना पातळ जपानी टिशू (दुरुस्तीसाठीचा झिरझिरीत कागद) आणि खळ लावून कुणी घरी दुरुस्ती केली आहे का? टिशू कुठे मिळाला? बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते अशा ठिसूळ कागदाला बाधेल का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.