घरातले प्लास्टिक कमी करायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

माहीमची रहिवासी: नमस्कार. पावसाळ्यात उधाणाची भरती ओसरली की समुद्राने परत आणून टाकलेला कचरा चौपाटीवर दिसतो आणि त्यातली पाकिटे आपल्याच घरातली वाटावीत इतकी ओळखीची असतात. दूध, मासळी आणि ओला कचरा ही आमची मुख्य दुखणी आहेत. टिकतील असे उपाय कृपया सुचवावेत.

गिरगावकर: आधी आठवडाभराचा सुका कचरा साठवून भंगारवाल्याला दाखवावा. बाटल्या, डबे, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या तो वजनावर घेतो, तेव्हा त्यांची चिंता नंतर केली तरी चालेल. वेफर्सची चकचकीत पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, पातळ पिशव्या मात्र तो परत करतो. त्या डम्पिंगला जातात, नाहीतर नाल्यातून मिठी नदीत आणि मिठीतून आपल्या माहीमच्या खाडीत. खरेदी थांबवायची ती या वस्तूंची. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, कारण तो इवलासा तुकडा पिशवीबरोबर भंगारात जात नाही, कुठेतरी हरवतो.

वर्सोवा रविवार: वकील अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये वर्सोव्यात सुरू केलेल्या किनारा स्वच्छतेत मी अधूनमधून जात असे, वाळूत रुतलेली पिशवी ओढून काढणे किती कष्टाचे असते हे तिथेच कळले. मासळीला झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा. आमच्या कोळीणबाई पहिल्या दिवशी हसल्या, आता डबा विसरलो तर त्याच ओरडतात. एक सावधगिरी: २०१८ च्या राज्यातील प्लास्टिकबंदीनंतर दुकानांत ‘कापडी’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पिशव्या प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या असतात. कडेचा धागा ओढून पाहावा. विणीतला सुटा धागा निघत नसेल, तर ती पिशवी कापडी नव्हे.

माहीमची रहिवासी: आभारी आहे. ओल्या कचऱ्याच्या बादलीत मात्र पिशवी लावावीच लागते, नाहीतर कचरा नेणाऱ्या ताई नाराज होतात.

गिरगावकर: त्यांची नाराजी योग्यच आहे, कारण गळती त्यांच्या हातावर होते. भाजीतले पाणी आधी सिंकमध्ये निथळू द्यावे, बादलीत वर्तमानपत्राचे दोन थर घालावेत आणि बादली रोज धुवावी. आमटीचा उरलेला रस्सा मात्र कोणताही कागद अडवत नाही, हे आम्ही जिना पुसून शिकलो.