जुनी गाडी: दुरुस्त करायची की काढून टाकायची? अनुभव सांगा

आमची पेट्रोल हॅचबॅक २०११ सालची. गेल्या वर्षभरात लोअर आर्मचे बुश (चाकाच्या सस्पेन्शनमधले रबर) बदलून झाले, एसीची कूलिंग कॉइल झाली, आता घाटात टेंपरेचरचा काटा वर चढतो. मेकॅनिक म्हणतो हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडावं लागेल, पंचवीसेक हजार धरून चला. विकायला काढली तर लाखही कोणी देत नाही. बिल गाडीच्या किमतीशी ताडून बघायचं की आणखी काही? ज्यांनी हा निर्णय घेतलाय त्यांनी सविस्तर लिहा.

पुणे
हेड उघडण्याआधी साध्या गोष्टी तपासून घ्या. थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला, रेडिएटरचा पंखा उशिरा लागला, वॉटर पंप गळला तरी काटा चढतोच, आणि ही कामं हेडच्या मानाने किरकोळ. इंजिन थंड असताना ऑइलचं झाकण काढून आतली बाजू बघा. दुधाळ फेस दिसतो का? नुसता फेस पुरावा नव्हे, थंडीत जवळच्या छोट्या फेऱ्या मारल्या तरी तो धरतो. पण सोबत कुठेही न गळता कूलंट कमी होत असेल आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटवर (हेडच्या खालच्या पातळ सीलवर) संशय घ्या. आमचं गेलंच होतं. कॉम्प्रेशन टेस्ट करून (सिलिंडरमधला दाब मोजून) खात्री केली, हेड प्लेन करून (घासून सपाट करून) घेतलं, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपही त्याच वेळी बदलला, म्हणजे पुन्हा मजुरी नको. गाडी अजून रोज वापरतो.

रत्नागिरी
इंजिनापेक्षा मी पत्रा बघते. घर समुद्राजवळ, खारी हवा. इंजिन ठणठणीत होतं, पण पायाखालचं मॅटिंग उचललं तर खाली पापुद्रे सुटलेले. पत्र्याचं काम करणाऱ्या टिंकरने स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं, ते आरपार गेलं. दाराचा खालचा पत्रा कापून नवा जोडता येतो. आमच्या गाडीत सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तिथेच गंज पोचला होता. वेल्डिंगच्या भरवशावर मुलांना घेऊन आंबा घाट चढायचा? टिंकरच म्हणाला, "ताई, यात पैसे घालू नका." भंगारात दिली. फार वाईट वाटलं.

नाशिक
आमची मधेच बंद पडायची आणि गॅरेजमध्ये नेली की सुरळीत चालायची. बॅटरी बदलली, सेन्सर बदलले. एका रात्री आईला दवाखान्यात न्यायच्या वेळी सुरूच झाली नाही, तेव्हा विकायचं ठरवलं. घेणाऱ्याला सगळं सांगूनच दिली. पुढे त्याला कळलं की अर्थिंगची वायर आतून सडलेली होती. तरीही निर्णय बरोबरच होता असं मला वाटतं. खर्च परवडत होता, भरवसा उरला नव्हता.

ठाणे
तुमच्या गाडीच्या १५ वर्षांचा हिशेब आधी करा. त्यानंतर आरसी (गाडीची नोंदणी) पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. आरटीओच्या तपासणीसाठी ब्रेक, लाइट, टायर धड हवेत, तोही खर्च हेडच्या बिलात मिळवा.

रत्नागिरीच्या ताई, आरसी रद्द करून घेतलीत ना? नुसत्या भंगारवाल्याकडे दिली तर आरटीओत गाडी तुमच्याच नावावर राहते. मी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली, गाडी जमा केल्याचं डिपॉझिट सर्टिफिकेट मिळालं आणि नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सवलतही.