प्रतिसाद : चौथऱ्यावरचं नाव आणि रस्त्यावरचं मरण

वर एकाने विचारलं आहे की महामार्गावर गस्त घालताना वाहनाने उडवलेल्या पोलिसाला ‘हुतात्मा’ म्हणायचं का, तो तर अपघात. मला हे पटत नाही. 21 ऑक्टोबरचा पोलीस स्मृतिदिन 1959 साली लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला मारल्या गेलेल्या 10 पोलिसांमुळे सुरू झाला हे खरं, पण कर्तव्य फक्त सीमेवरच असतं का?

आपल्याकडे गोव्यात पत्रादेवी ते पोळे हा 66 क्रमांकाचा महामार्ग बघा. पावसात, रात्री दोन वाजता, बंद पडलेल्या ट्रकमागे बॅटरी हलवत उभा राहणारा हवालदार दुसऱ्यांचा अपघात टाळण्यासाठीच तिथे असतो. मागून येणारा दारू पिऊन असला तर संपलंच. रक्तात 100 मिलीलीटरला 30 मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा, आणि शनिवारी रात्री किनाऱ्याकडून परतणारे किती जण ती पाळतात ते आपण सगळे जाणतो. (पर्यटकच नव्हे, आपले गावकरीसुद्धा.)

म्हणून स्मृतिदिनाला त्या हवालदाराचं नाव इतरांच्याच मानाने घेतलं जावं, आणि त्याच्या घरच्यांना नुकसानभरपाईसाठी कचेऱ्यांचे खेटे पडू नयेत. तुमच्या गावात असं कुटुंब असेल तर चतुर्थीला त्यांच्याकडे जरूर जा.