हर्नांडेझचा चंद्र

गाजलेले फोटो म्हणजे फोटोग्राफरचं निव्वळ नशीब असं कोणी म्हटलं की मला लगेच अमेरिकन फोटोग्राफर अन्सेल अ‍ॅडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्राचा फोटो आठवला. १९४१ ची संध्याकाळ, मुलगा आणि एक मित्र सोबत, सांता फेकडे परत येताना गाडीतून दिसलं की पूर्वेला चंद्र वर आलाय आणि मावळतीचं ऊन चर्चजवळच्या पांढऱ्या क्रुसांवर पडलंय. गाडी थांबवली, तो अवजड, ८ बाय १० इंची फिल्मचा कॅमेरा घाईघाईत लावला आणि प्रकाश मोजायचा लाइट मीटरच सापडेना! पण चंद्राची प्रखरता २५० कँडल प्रति चौरस फूट हे त्याला पाठ होतं, त्यावरून मनातच हिशोब करून एफ ३२ ला (म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान ठेवून) १ सेकंद एक्स्पोजर दिलं, म्हणजे तेवढा वेळ फिल्मवर प्रकाश पडू दिला. दुसरा फोटो घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलंसुद्धा. आता चंद्र दिसणं हे नशीब, मान्य, पण तो आकडा डोक्यात असणं याला नशीब कसं म्हणणार?

आणि मला तर पुढची गोष्ट जास्त आवडते. निगेटिव्हचा (प्रिंट ज्यावरून काढतात त्या उलट्या छटांच्या फिल्मचा) खालचा भाग फार फिका होता, म्हणून १९४८ मध्ये त्याने तेवढाच भाग केमिकलने गडद करून घेतला. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आभाळात फिकट ढग दिसतात, नंतरच्या प्रिंट्समध्ये आभाळ जवळजवळ काळं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघाच, डार्करूममध्ये, म्हणजे प्रिंट काढायच्या अंधाऱ्या खोलीत, किती काम केलंय ते तिथे कळतं.